सासूबाईंच्या खोलीला दोनपैकी कोणता बेज? (उत्तरेची खिडकी, दगडी अंगण, खाली कोटा)

ग्वाल्हेरी सून

नमस्कार मंडळी. दिवाळीआधी सासूबाईंच्या खोलीला रंग लावायचा आहे आणि दोन बेजमध्ये अडकले आहे. दोन्ही इतके जवळचे आहेत की दुकानात हातात धरून मला फरक सांगता आला नाही. घरी आणल्यावर मात्र दिसतोय, आणि तोही दर तासाला वेगळा. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, जुनं. दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, वर लोखंडी गर्डरवर टाकलेल्या पटियांचं (लांब दगडी लाद्यांचं) छत. खोली ११ बाय १३, उंची ११ फूट. खिडकी एकच, उत्तरेकडे, आणि ती उघडते अंगणात. अंगणाला इथलाच दगड आहे, किल्ल्याच्या डोंगराचा असतो तसा फिकट पिवळसर. त्यावर पाणी मारलं की हिरवट झाक येते. खोलीत खाली कोटा, म्हणजे हिरवट करडी दगडी फरशी. दारं-चौकटी सागवानी, पॉलिश चढून चढून काळपट झालेल्या. सध्या भिंतींवर पिवळा डिस्टेंपर आहे, हात लावला की हाताला येतो. रात्री एक पांढरी ट्यूब.

दोन्ही रंग एकाच कंपनीच्या शेडकार्डावरचे, शेजारशेजारच्या पट्ट्यांतले, म्हणून आम्ही त्यांना ‘डावा’ आणि ‘उजवा’च म्हणतो. सकाळी खिडकीपाशी डावा छान शांत वाटतो, उजवा जरा गोड. संध्याकाळी ट्यूब लावली की डावा मळकट होतो आणि उजवा एकदम नीटस. रंगकाम करणारे भैया म्हणतात, ‘भाभीजी, दोनों एक ही हैं, लगने के बाद कौन देखता है.’ पण सासूबाई बघतात ना. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं फार कमी झालंय. पेपर, जप, दुपारची झोप, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणं, सगळं त्याच चार भिंतींत. ती खोली त्यांना बरी वाटली पाहिजे, बाकी घराचं मला एवढं नाही.

आता मुख्य अडचण. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं, डाव्याचं थंडीत करायचंय. मी दोन्ही पट्ट्या खिडकीत नेऊन त्यांच्या हातात दिल्या. आधी म्हणाल्या, ‘दोन्ही सारखेच दिसतायत गं.’ मग त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला, पट्टी जरा तिरकी केली आणि म्हणाल्या, ‘थांब, हा गुलबट आहे. आणि हा दुसरा शेवाळी.’ (गुलबट म्हणजे आमचा ‘उजवा’ रंग, शेवाळी म्हणजे ‘डावा’.) मग उजवा डोळा झाकला. ‘आता परत दोन्ही एकच. दोन्ही चहासारखे.’ मला वाटलं थकल्या असतील, म्हणून पट्ट्या पाठीमागे नेऊन, अदलाबदल करून परत दिल्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्यांनी पुन्हा बरोबर ओळखल्या, दुसऱ्याने नाहीच.

तर दोन प्रश्न. या खोलीला डावा की उजवा? आणि रंग ठरवताना त्यांच्या कोणत्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा?

रामबागकर

ताई, इंदूरहून लिहितेय. सरळ सांगते, डावा घ्या. कारण तुमच्या खाली कोटा आहे. आमच्याकडे इंदूरला जुनं घर म्हणजे कोटा आलाच, आणि कोट्यावर गुलबट बेज मी जवळून पाहिलाय. माझ्या जावेच्या हॉलला लावला होता. शेडकार्डावर अगदी सौम्य, साधा रंग. चारी भिंतींना लागला आणि हॉल चक्क गुलाबी दिसायला लागला. पाहुणे आले की विचारायचे, ‘गुलाबी का घेतलात?’ तिने तोच रंग वरच्या मजल्यावर, पांढऱ्या फरशीच्या खोलीत लावलाय, तिथे कोणी त्याला गुलाबी म्हणत नाही. म्हणजे रंगात खोट नव्हती, फरशी त्याला गुलाबी करत होती. हिरवट फरशीला हिरवट झाकेचाच बेज शोभतो.

पटियाचं छत

मी वास्तुविशारद आहे, बालपण जीवाजीगंजात गेलं, त्यामुळे तुमची खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. रामबागकर ताई म्हणतात ते खरं आहे, पण ते अर्धं झालं. या खोलीत दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध काम करतायत, त्या वेगळ्या करून बघितल्या तर गुंता सुटेल.

पहिली गोष्ट उजेड. उत्तरेच्या खिडकीतून या दिवसांत थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात तुमची खिडकी अंगणात उघडते, म्हणजे बराचसा उजेड आधी त्या दगडावर पडतो आणि मग आत येतो. येताना दगडाची पिवळी-हिरवी झाक घेऊन येतो. अशा उजेडात हिरवट बेज आणखी हिरवट, मातकट होतो. ढगाळ दिवशी तर उदासच. गुलबट बेजमधला थोडासा लाल त्या हिरव्याला मारतो आणि भिंत साधी, उबदार दिसते. नुसता उजेड बघायचा तर उजवा.

दुसरी गोष्ट शेजार. कोट्याच्या निळसर-हिरव्या करड्या रंगाला लागून गुलबट भिंत आली की डोळा दोघांतला फरक वाढवून बघतो, भिंत आहे त्याहून लाल वाटते. जावेच्या हॉलमध्ये हेच झालं. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा सरकारी गालिचांचा कारखाना होता, तिथल्या रंगशाळेची जबाबदारी शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काळा रंग फिका पडतो, अशा तक्रारी यायच्या. त्याने तपासलं तर काळ्या धाग्यात काहीच दोष नव्हता, शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याला फिका दाखवत होते. १८३९ साली त्याने हा नियम सविस्तर मांडला. ग्वाल्हेरकरांना त्यासाठी पॅरिसला जायला नको. किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या भिंतीवर निळ्या फरश्यांच्या पट्ट्या आहेत, त्यांना लागून असलेला दगड बघा आणि तिथून चार हात लांब, फरश्या नसलेला दगड बघा. एकाच खाणीतला असला तरी निळ्याजवळचा जास्त पिवळा वाटतो.

तेव्हा पट्टीवरून ठरवू नका. प्लायचे दोन तुकडे घ्या, दोन फूट बाय दोन फूट. आधी अस्तर, मग रंगाचे दोन हात, आणि रात्रभर वाळू द्या. ओला इमल्शन वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे ओल्यावर मत बनवू नका. सध्याच्या पिवळ्या भिंतीवर थेट नमुना मारू नका, तो पिवळा आजूबाजूला दिसत राहिला की कुठलाच बेज खरा दिसणार नाही. तुकड्यामागे मोठा पांढरा कागद लावा. मग तो तुकडा खिडकीशेजारी, खिडकीसमोरच्या भिंतीवर, आतल्या कोपऱ्यात आणि खाली फरशीला टेकवून, असा सगळीकडे फिरवा. दोन्ही एकदम नको, एकेक करून. तुमच्या भिंतीला शेजारी दुसरा बेज असणार नाहीये, कोटा आणि सागवान असणार आहे.

आणखी एक. रंग चार भिंतींना लागला की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो, दुसरीचा पहिलीवर, आणि झाक दाट होत जाते. म्हणून छोट्या तुकड्यावर जी झाक ‘जेमतेम जाणवते’ ती खोलीत स्पष्ट दिसेल असं धरून चाला.

रंगाइतकंच भिंतीचंही बघा. हाताला येणारा डिस्टेंपर पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर इमल्शन धरणार नाही, पापुद्रे निघतील. चुन्याच्या गिलाव्यात पावसाळ्याची ओल टिकून असते. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, एक-दोन दिवसांनी काढा. आतून दवबिंदू दिसले तर अजून थांबा. दिवाळीची तारीख गाठायच्या नादात ओल्या भिंतीवर रंग चढवू नका.

दांडिया बाजार

बडोद्याहून. आमचं रंगाचं दुकान आहे, टिंटिंग मशीनवर मी स्वतः असतो. ताई, तुमच्या सासूबाईंनी ‘गुलबट’ आणि ‘शेवाळी’ म्हटलं ते ऐकून बरं वाटलं, कारण हे कागदावर तपासता येतं आणि गिऱ्हाईक सहसा विचारत नाही.

प्रत्येक शेडचा फॉर्म्युला मशीनच्या स्क्रीनवर येतो. पांढऱ्या बेसमध्ये कोणता रंगद्राव किती, असं लिहिलेलं असतं. बेज बहुतेक तिघांचा बनतो, पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा. कोण किती यावर सगळं ठरतं. पिवळ्यात काळा जास्त आणि लाल नावाला, तर शेड हिरवट होणार. पिवळा आणि काळा मिसळले की हिरवट शेवाळी रंग येतो, घरी मुलांच्या रंगपेटीतसुद्धा करून बघा. लाल ऑक्साइड वाढला की शेड गुलाबीकडे झुकते. दुकानदाराला फक्त म्हणा, ‘दोन्हींचा फॉर्म्युला दाखवा.’ तेवढ्यात उलगडा होईल. डोळा दमतो, मशीनचा आकडा दमत नाही.

रात्री डावा मळकट होतो म्हणालात, त्यात तुमच्या ट्यूबचा हात असणार. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला. आमच्याकडे लोक हजारो रुपयांचा रंग बदलायला येतात आणि दोनेकशे रुपयांची ट्यूब तशीच ठेवतात. आधी ट्यूब ठरवा, मग रंग.

नेत्रकक्ष

मी डोळ्यांच्या दवाखान्यात दृष्टितपासणीचं काम करते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर भरवसा ठेवा.

आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळं होत जातं आणि निळा-जांभळा उजेड अडवायला लागतं. मोतीबिंदूत ते आणखी गढूळ, तपकिरी होतं, उजेड विखुरतो आणि जवळजवळच्या छटांमधला फरक पुसट होतो. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही, मेंदू जुळवून घेतो. एका डोळ्याचं भिंग बदललं की मग दोन डोळ्यांतला फरक लक्षात येतो. आमच्याकडे ऑपरेशननंतर कितीतरी आजी सांगतात की पांढरं लुगडं निळसर दिसतंय. चित्रकार मोने यांचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं होतं, आणि त्यांनाही रंग वेगळे दिसू लागले होते. तुमच्या सासूबाईंनी डोळे आलटून-पालटून झाकून जे सांगितलं ते अगदी तंतोतंत आहे. थंडीत दुसरा डोळा झाला की त्या दोन्ही डोळ्यांनी खोली उजव्या डोळ्याला दिसते तशीच बघणार आहेत. म्हणजे पुढच्या वर्षांसाठी रंग निवडायचा तर त्याच डोळ्याने.

पण मला एक वेगळीच गोष्ट सांगायचीय, आणि माझ्या मते ती डाव्या-उजव्यापेक्षा मोठी आहे. वयस्कर माणसाला कडा दिसायला हव्यात. भिंत कुठे संपली आणि फरशी कुठे सुरू झाली, स्विचबोर्ड कुठे आहे, न्हाणीघराची चौकट कुठे आहे. फिकट बेज भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड रात्री जवळजवळ नाहीसा होतो, आणि हात भिंतीवर चाचपडत फिरतो. बोर्डाभोवती गडद पट्टी मारून घ्या. तुमच्या काळपट सागवानी चौकटी आहेत तशाच ठेवा, त्यांना भिंतीचा रंग मारायचा मोह टाळा, दार कुठे आहे ते त्याच सासूबाईंना दाखवतात. गुडघे दुखतात म्हणालात, म्हणून मुद्दाम सांगतेय. आणि रंग मॅट घ्या. चकचकीत भिंतीवर ट्यूबची चमक येते, ऑपरेशननंतर सुरुवातीला ती चमक बऱ्याच जणांना खुपते.

ग्वाल्हेरी सून

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलं ते एकेक करून केलं, आणि काय दिसलं ते लिहिते.

दुकानात फॉर्म्युला मागितला. त्यांनी आनंदाने दाखवला. डाव्यात लाल जवळजवळ नाहीच, पिवळा आणि काळा. उजव्यात पिवळ्याच्या निम्म्याहून जास्त लाल. सासूबाईंना सांगितलं तर त्या दिवसभर खूश होत्या, ‘बघ, मशीनने आणि मी एकच सांगितलं’ म्हणून. येणाऱ्या प्रत्येकाला पट्ट्या दाखवून झाल्या.

प्लायचे तुकडे केले. डावा तुकडा आतल्या कोपऱ्यात, कपाटाशेजारी उभा केला तेव्हा मला आवडला नाही. दुपारी अंगण धुतलं होतं, ओल्या दगडावरून उजेड आत येत होता, आणि तो तुकडा सरळ शेवाळी दिसत होता. सासूबाई म्हणाल्या, ‘हा ओल आलेल्या भिंतीसारखा आहे, नको.’ पटियाचं छत यांनी उजेडाबद्दल लिहिलंय ते मला त्या क्षणी पटलं. उजवा त्याच जागी ठेवला तर छान, नुसता उबदार पांढरट. गुलाबी शोधूनही सापडेना.

मग उजवा खाली नेला, फरशीला टेकवला, आणि रामबागकर ताई म्हणाल्या तसंच झालं. खालच्या कडेपासून हातभर उंचीपर्यंत तो गुलाबी वाटत होता. तोच तुकडा, त्याच मिनिटाला, वर उचलला की साधा, खाली टेकवला की गुलाबी. आमच्या मुलीला ही गंमत इतकी आवडली की ती तुकडा वर-खाली करत बसली. मी मग तुकड्याच्या आणि फरशीच्या मध्ये जुन्या दाराची एक सागवानी पट्टी ठेवून पाहिली, चार बोटं रुंद, काळपट. गुलाबीपणा बराच उतरला.

त्यावरून ठरवलं असं. उजवाच घ्यायचा, पण फॉर्म्युला निम्म्या ताकदीने, म्हणजे चार भिंतींवर झाक दाटली तरी अंगावर येणार नाही. निम्म्या ताकदीचा तुकडाही करून पाहिला, फरशीजवळ पुष्कळ शांत आहे. भिंतीच्या तळाला चार बोटं गडद तपकिरी पट्टी, चौकटींच्या रंगाला जुळेल अशी. नेत्रकक्ष यांनी कडांबद्दल सांगितलं तेही त्याने साधतं. स्विचबोर्डाभोवती तोच तपकिरी. पटिये पांढरेच, चुन्याचे. ट्यूब काढून ४००० चे दोन दिवे, एक पलंगाच्या डोक्याशी पेपरसाठी आणि एक दाराजवळ.

प्लास्टिकच्या कागदाचं मात्र ऐकावं लागलं. अंगणाच्या बाजूच्या भिंतीवर आतून थेंब आले. बाकी तिन्ही कोरड्या. तेव्हा खरवडायचं काम आता सुरू करतोय, त्या भिंतीला कूलर नाही, पंखा लावून वाळवतोय. दिवाळीपर्यंत नाही झाली तर ती एक भिंत पुढे करू. सासूबाईंचं म्हणणं, तीन भिंतींत दिवाळी होते.

एकच शंका उरली. निम्म्या ताकदीचा रंग पुन्हा मागितला तर तसाच मिळेल का? उरलेल्या भिंतीला नंतर रंग लावायचा तर हा प्रश्न येणारच.

रामबागकर

खालची पट्टी हे मला सुचलं नव्हतं. जावेला आजच फोन करते, तिच्याकडे हॉलला कसलीच पट्टी नाही, भिंत थेट फरशीला भिडते. निम्म्या ताकदीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून नक्की टाका ताई.

दांडिया बाजार

मिळेल, पण मोघम ‘हाफ’ म्हणू नका. शेडचा नंबर, कोणत्या बेसमध्ये केला त्याचं नाव, फॉर्म्युला ५० टक्के, आणि मॅट, हे सगळं डब्यावरच्या लेबलावर छापून घ्या आणि त्या लेबलाचा फोटो ठेवा. बेस बदलला तर निम्मा फॉर्म्युला निम्मा राहत नाही.

तरीही माझा सल्ला, चारी भिंतींचा रंग आत्ताच एकदम घ्या. तुमची खोली ४८ फूट घेराची, ११ फूट उंच, म्हणजे दार-खिडकी सोडून पावणेपाचशे चौरस फूट धरा. डब्यावर दोन हातांना लिटरमागे साधारण १२० ते १४० चौरस फूट लिहिलेलं असतं, पण ते गुळगुळीत भिंतीचं. जुना चुन्याचा गिलावा जास्त पितो. चार लिटरचा एक आणि एक लिटरचा एक घ्या. दोन्ही डबे मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळा आणि मग परत डब्यात भरा, म्हणजे दोन डब्यांत किंचित फरक असला तरी तो भिंतीवर येणार नाही. राहिलेल्या भिंतीचा रंग काठोकाठ भरलेल्या डब्यात ठेवा, झाकण रबरी हातोडीने नीट बसवा, आणि डबा गच्चीवर ठेवू नका, तुमच्याकडचं ऊन त्याला सोसणार नाही. ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात करा, मध्ये जोड आणू नका, म्हणजे बाकीच्या तिघींशी ती बेमालूम जुळेल.